विवाह-नोंदी आणि कुलवृत्तान्त

(श्री संस्थानच्या वर्धापन-महोत्सवानिमित्त भरलेल्या महाजन-संमेलनातील व्याख्यान)



देवस्थानच्या उत्सवास दूरदूरच्या गावांहून कुळावी येतात. श्रींचे दर्शन झाले, अभिषेक झाला, महाप्रसाद आटोपला की अग्रशाळेच्या ओसरीवर एक संवाद हमखास कानी पडतो. कोणी वृद्ध गृहस्थ समोरच्या तरुणास विचारतात, "तू कोणाचा?" तरुण वडिलांचे नाव सांगतो, आजोबांचे सांगतो, क्वचित पणजोबांचेही सांगतो. वृद्धांची मान डोलते, कारण ते नाव त्यांच्या ऐकिवात असते. मग दुसरा प्रश्न येतो, "आणि तुझी आजी कुठली?" येथे बहुतेकांची वाणी अडखळते. आजीचे सासरचे नाव ठाऊक असते. पण तिचे माहेर कोणते, लग्नापूर्वी तिला काय म्हणत, तिच्या आईचे नाव काय, हे सांगणारे आता घरात कोणी उरलेले नसते.

कुलवृत्तान्ताचा विचार या दुसऱ्या प्रश्नापासून व्हावयास हवा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणारी साधने पुष्कळ आहेत. दुसऱ्याचे उत्तर ज्या कागदावर सापडण्याचा संभव सर्वांत अधिक, तो कागद म्हणजे विवाहाची नोंद. जन्माची नोंद एका घराची असते, मृत्यूची नोंदही एका घराची असते. विवाहाच्या नोंदीत मात्र दोन घरे एका पानावर शेजारी शेजारी उभी राहतात.

मराठीत कुलवृत्तान्त लिहिण्याची परंपरा मोठी आहे. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी परिश्रमपूर्वक आपले वृत्तान्त सिद्ध केले. त्यांतील वंशवृक्ष उलगडून पाहिला तर मूळपुरुषापासून पुत्र, पौत्र, प्रपौत्र अशा शाखा फुटत गेलेल्या दिसतात. कन्या मात्र पुष्कळदा "एक कन्या" एवढ्या शब्दांत संपते आणि सून केवळ पतीच्या नावामागे कंसात येते. जिने ते कुल वाढविले, तिच्या नावाची जागा त्या विस्तीर्ण वृक्षावर नाही.

हा दोष धर्मपरंपरेचा आहे असे म्हणावे, तर तसेही दिसत नाही. श्राद्धाच्या संकल्पात पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचा उच्चार होतो. मातामहादी त्रयीही येते. कन्यादानाच्या वेळी पुरोहित वर आणि वधू या दोघांचेही गोत्र-प्रवर सांगून अमुकाचा प्रपौत्र, पौत्र, पुत्र आणि अमुकाची प्रपौत्री, पौत्री, पुत्री असा उच्चार करतात. विवाहविधी हाच मुळात एक उच्चारलेला दस्तऐवज आहे. उणीव एवढीच की तो मांडवात उच्चारला जातो आणि मांडवातच विरतो. शिवाय वधूच्या बाजूने तिच्या पित्याची आणि आजोबांची नावे येतात, तिच्या आईचे येत नाही.

अन्य देशांनी हा विषय कसा हाताळला ते थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. इंग्लंडमध्ये चर्चच्या धर्मग्रामांतून विवाहनोंदी ठेवण्याची आज्ञा सन १५३८ मध्ये झाली. पुढे १७५३ च्या कायद्याने, जो १७५४ पासून अमलात आला, वधू-वरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या किंवा निशाण्या घेण्याची पद्धत पक्की झाली. १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली. तेथील जुन्या धर्मग्रामांच्या वह्या आता बहुतांशी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दप्तरखान्यांत आहेत. अमेरिकेत तर विवाहाचा परवानाच बहुधा काउंटीच्या कचेरीतून मिळतो. म्हणून आपल्या घराण्याचा शोध घेणारा मनुष्य प्रथम काउंटीची वाट धरतो. तथापि इंग्लंडच्या या व्यवस्थेत एक मोठे न्यून दीर्घकाळ राहिले. १८३७ पासूनच्या सरकारी नोंदीत वर आणि वधू यांच्या पित्यांची नावे आणि व्यवसाय असत. मातांची नावे नसत. ती घालण्याची तरतूद प्रत्यक्षात आली ४ मे २०२१ रोजी.

गोमंतकाची गोष्ट निराळी आहे आणि महाजन कुटुंबांनी तिचे महत्त्व ओळखले पाहिजे.

गोव्यात पोर्तुगीज सत्ता सन १५१० मध्ये आली. बार्देश आणि सासष्टी हे महाल १५४३ मध्ये तिच्याकडे गेले. सोळाव्या शतकात देवालयांवर आलेला प्रसंग सर्वश्रुत आहे. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास, श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास, श्रीमहालसा वेर्ण्याहून म्हार्दोळास, श्रीरामनाथ लोटलीहून बांदिवड्यास असे देव अंत्रुज महालात गेले. देवांबरोबर, देवांमागून किंवा देवांच्याही आधी कुटुंबे गेली. अंत्रुज त्या काळी पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर होते. ते त्यांच्याकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. म्हणून एकाच घराण्याचे मूळ एका तालुक्यात, देव दुसऱ्या तालुक्यात आणि सोयरीक तिसऱ्या तालुक्यात अशी स्थिती आहे. शोध घेणाऱ्याने हा नकाशा आधी मनात मांडून घ्यावा.

ख्रिस्ती प्रजेच्या विवाहांच्या नोंदी चर्चच्या वह्यांतून होत. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहवही ठेवण्याचे बंधन पाद्रींवर घातले होते. हिंदूंसाठी अशी वही नव्हती. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १ जुलै १८७० पासून येथे लागू झाली. त्यानंतर १६ डिसेंबर १८८० च्या फर्मानाने गोव्यातील हिंदूंच्या रीतिरिवाजांची संहिता निघाली आणि धर्मविधीने झालेल्या हिंदू विवाहास नागरी कायद्याचे परिणाम प्राप्त झाले. पुढे ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले. त्याच वर्षी २५ डिसेंबरच्या फर्मानाने विवाह हा नागरी करार ठरला आणि १९११ मध्ये नागरी नोंदणीची संहिता झाली. गोव्यात ही नोंदणी सन १९१४ च्या सुमारास सुरू झाली. त्या वेळेपासून हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान या सर्वांचे जन्म, विवाह आणि मृत्यू एकाच पद्धतीच्या वह्यांत येऊ लागले.

शेजारच्या प्रदेशांशी तुलना करता हे किती लवकर घडले ते ध्यानी येते. मुंबई राज्याचा विवाहनोंदणीचा कायदा १९५३ चा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नोंदणीची तरतूद आहे. परंतु नोंद केली नाही म्हणून विवाह बाधित होत नाही. कर्नाटकाचा कायदा १९७६ चा. सर्व विवाहांची नोंद सक्तीने व्हावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो फेब्रुवारी २००६ मध्ये. म्हणजे कारवार, बेळगाव, मालवण, वेंगुर्ले येथे गेलेल्या शाखांच्या आजी-पणजींचे विवाह सरकारी कागदावर बहुधा सापडणार नाहीत. त्याच पिढीतील गोव्यातल्या बहिणीचा विवाह मात्र सापडू शकेल. गोव्यातील दप्तराचे मोल सीमेपलीकडच्या कुळाव्यांनाही आहे ते यामुळे.

या नोंदीत काय असते? गोव्यातील प्रत्येक कुटुंबास "पहिली सही" आणि "दुसरी सही" हे शब्द परिचयाचे आहेत. वधू-वर प्रथम तालुक्याच्या नागरी नोंदणी कचेरीत जाऊन विवाहाचा इरादा जाहीर करतात, त्याची सूचना लागते आणि ठराविक मुदतीनंतर साक्षीदारांसमक्ष दुसरी सही होते. या कागदांत दोघांची नावे, वय, जन्मस्थान, व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण असते आणि दोघांच्याही आई-वडिलांची नावे असतात. वधू येथे आपल्या जन्मनावाने आणि पितृकुलाच्या आडनावाने येते. तिच्या आईचे नाव, जे मांडवात उच्चारले गेले नाही, ते येथे शाईने लिहिलेले असते. इंग्लंडच्या नोंदीस जे २०२१ मध्ये लाभले, ते गोव्याच्या नोंदीत शंभर वर्षांपूर्वीपासून आहे.

पोर्तुगीज पद्धतीची आणखी एक सोय आहे. जन्माच्या नोंदीच्या समासात पुढील घटनांची टीप घालण्याचा प्रघात आहे: अमुक दिवशी विवाह झाला, विवाह विसर्जित झाला, मृत्यू झाला. म्हणून एखाद्या कन्येची जन्मनोंद हाती आली तर केवळ मजकूर वाचून वही मिटू नये, समास वाचावा. माहेराहून सासरी जाण्याची वाट पुष्कळदा त्या समासातच असते.

१९१४ पूर्वीच्या काळासाठी, आणि नंतरच्याही काळात जोड म्हणून, आणखी काही कागद पाहावे लागतात. पहिला मान वारसा-वाटणीच्या कागदांना, ज्यांना गोव्यात इंव्हेंतार म्हणतात. पोर्तुगीज संहितेने पुत्र आणि कन्या यांना सारखाच वारसा दिला. म्हणून कुटुंबप्रमुखाच्या मृत्यूनंतर न्यायालयात जी यादी होते तीत प्रत्येक कन्या आणि विवाहित असल्यास तिचा पती नावानिशी येतो. वंशवृक्षात जिची "एक कन्या" झाली होती, ती येथे आपल्या नावाने, पतीच्या नावाने आणि सासरच्या गावासह उभी असते. दुसरे साधन नोटरीपुढील खरेदीखते. पत्नीच्या संमतीवाचून स्थावर विकता येत नसल्यामुळे तिचे नाव त्यांतही येते. तिसरे साधन विवाहपूर्व करारनामे. ज्यांना संपत्तीची सामाईक व्यवस्था नको असे, त्यांनी ते नोटरीपुढे केलेले असतात.

देवस्थानाचे दप्तर हे चौथे साधन. पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये देवस्थानांसाठी विनियम केले. पुढे ३० मार्च १९३३ च्या विनियमाने त्यांना सविस्तर रूप आले आणि महाजनांची सूची हा देवस्थानाच्या कारभाराचा पाया झाला. ही सूची पुरुषपरंपरेने चालत आली असल्यामुळे पिता-पुत्र संबंध सिद्ध करण्यास ती उत्तम आहे. पण केवळ सूचीवर कुलवृत्तान्त उभा केला, तर तो अर्ध्या कुलाचा वृत्तान्त होतो. सूची आणि विवाहनोंद एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे कुल पुरे होते.

याखेरीज तीर्थोपाध्यांच्या वह्या आहेत. गोकर्ण, नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथे गेलेल्या पूर्वजांनी उपाध्यांच्या वहीत नाव, गाव, गोत्र आणि बरोबरच्या मंडळींची नोंद केलेली असते. आणि शेवटी घरातील पेटी आहे. लग्नपत्रिका, मुहूर्ताचे टिपण, आहेराची वही, जन्मपत्रिका, जुन्या छायाचित्रामागील दोन ओळी यांना क्षुल्लक समजू नये. आहेराच्या वहीत "वधूचे मामा" असे लिहून पुढे नाव असेल, तर तेवढ्यावरून एका पणजीचे माहेर उघड होते.

आता अडचणींचा विचार. पहिली अडचण वधूच्या दोन नावांची. लग्नात नाव बदलण्याची रीत असल्यामुळे माहेरची शांता सासरी लक्ष्मी होते. सासरचे लोक तिला लक्ष्मी म्हणून ओळखतात, विवाहनोंदीत ती शांता असते आणि मृत्यूच्या नोंदीत पुन्हा लक्ष्मी. शोध घेणाऱ्यास या तीन स्त्रिया वाटतात. म्हणून वराचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव, गाव आणि सुमाराचे वर्ष या चार खुणांनी नोंद पटवावी आणि मगच नावाकडे यावे. घरात एका पुरुषाचे दोन विवाह झालेले असतील तर अधिक सावध राहावे. १८८० च्या संहितेने पत्नीस पंचवीस वर्षे वयापर्यंत अपत्य न झाल्यास, किंवा काही अटींवर पुत्र न झाल्यास, हिंदू पतीस दुसऱ्या विवाहाची मुभा ठेवली होती. अशा घरात कोणते मूल कोणत्या मातेचे, हे जन्मनोंदीवरूनच ठरवावे. वडीलधाऱ्यांच्या तर्कावरून ठरवू नये.

दुसरी अडचण लेखनाची. नोंदी रोमन लिपीत, पोर्तुगीज भाषेत आणि पोर्तुगीज वळणाने लिहिलेल्या आहेत. 'पांडुरंग' तेथे 'पांदुरोंगा' होतो, 'प्रभु' 'पोरोबो' होतो, 'कामत' 'कामोतीं' होतो. 'शंकर' शोधावयाचा तर एस अक्षराखाली सापडत नाही, कारण पोर्तुगीज लेखनात 'श' साठी एक्स येतो. 'केशव' आणि 'केणी' क्यू अक्षराखाली सापडतात. ही गुरुकिल्ली हाती नसल्यामुळे नोंद समोर असूनही "मिळाली नाही" असे म्हणत परतलेली माणसे थोडी नाहीत. त्याहून जुन्या कागदांत मोडी लिपी येते आणि गांवकरीच्या प्राचीन दप्तरात गोयकानडी. या लिप्या वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

तिसरी अडचण आडनावांची. गाव सोडले की गावाचे नाव आडनाव होई. एक भाऊ जुने उपनाव ठेवी, दुसरा नव्या गावाचे घेई. दोन पिढ्यांनंतर चुलत भावंडांना एकमेकांची ओळख पटत नाही. अशा वेळी गोत्र, कुलदेवता, पालवी देव आणि महाजन-सूचीतील शाखा या खुणा आडनावापेक्षा अधिक विश्वसनीय ठरतात.

हे कागद आहेत कोठे? विवाह ज्या तालुक्यात नोंदला गेला, त्या तालुक्याच्या नोंदणी कचेरीत प्रथम पाहावे. वधूचे माहेर वेगळ्या तालुक्यात असल्यास दोन्हीकडे पाहावे. जुन्या वह्यांपैकी पुष्कळशा पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. या संस्थेची स्थापना १५९५ ची. दियोगु द कौतु हे तिचे पहिले रक्षक. तिची खरी प्रतिष्ठा मात्र डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी वाढविली. १८९४ मध्ये जन्मलेल्या या गोमंतकीय पंडिताने गेल्या शतकाच्या चौथ्या दशकापासून १९६१ पर्यंत त्या दप्तराची निगा राखली आणि १९५५ मध्ये त्याचा मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. गोव्याचे दप्तर गोमंतकीयांनीच वाचले पाहिजे, हा त्यांच्या जीवनकार्याचा बोध आहे.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. कागद उघडला म्हणजे त्यात मनासारखेच सापडेल असे नाही. दत्तक पुत्र निघेल, विसरलेली पहिली पत्नी निघेल, सोयरीक ऐकिवातल्याहून वेगळ्या घराशी झालेली निघेल. देवस्थानाच्या सेवेत पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या काही कुटुंबांत कुल मातेच्या नावाने चालले आणि नोंदीत पित्याची जागा रिकामी राहिली. ती रिकामी जागा त्या मातेचा कमीपणा नव्हे. ती जागा ज्यांनी रिकामी ठेवली, त्यांची घराणी शोधू गेल्यास सूचीत सापडतील. जे आहे ते जसेच्या तसे लिहावे. झाकूही नये आणि मिरवूही नये. ज्यास एवढे धैर्य नसेल त्याने कुलवृत्तान्त लिहू नये, स्तुतिपाठ लिहावा. त्याचप्रमाणे हयात व्यक्तींच्या नोंदी त्यांच्या संमतीवाचून छापू नयेत. आणि एखादी नोंद सापडली नाही, तर विवाहच झाला नाही असा अर्थ कदापि काढू नये. वही वाळवीने खाल्लेली असेल, पावसाने भिजलेली असेल किंवा पूर्वजांनी कचेरीची पायरी चढण्याचा आळस केला असेल.

महाजन-मंडळाने या बाबतीत काय करावे? तीन कामे सहज होण्याजोगी आहेत. पहिले, प्रत्येक कुटुंबाने येत्या वर्षात घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसून तिचे माहेरचे नाव, तिच्या आईचे नाव, तिच्या सासूचे माहेर आणि ज्या गावांतून सुना आल्या ती गावे लिहून घ्यावी. कचेरी उद्या उघडी असेल. ही जिवंत वही उद्या उघडी असेलच असे नाही. दुसरे, देवस्थानाच्या जुन्या सूची आणि वह्या यांची छायाचित्रे घेऊन त्यांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्या, म्हणजे ओल आणि वाळवी यांपासून निदान मजकूर तरी वाचेल. तिसरे, श्रींच्या चरणी एक विवाह-वही ठेवावी. लग्न झाल्यावर नवदांपत्य देवीची ओटी भरावयास येते, त्या दिवशी त्यांनी या वहीत आपली नावे, वधूचे जन्मनाव, दोघांचे आई-वडील, दोघांचे आजी-आजोबा आणि गावे स्वहस्ते लिहावी. महाजनांची कन्या परगोत्रात गेली तरी तिचेही नाव या वहीत यावे. सूचीचे नियम काहीही असोत, देवीच्या वहीत लेकीला जागा नाही असे कोणता महाजन म्हणेल?

या कामास शासनाची आज्ञा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. एक जाड बांधणीची वही, टिकाऊ शाई आणि सातत्य एवढेच लागते. पन्नास वर्षांनी याच अग्रशाळेच्या ओसरीवर कोणी वृद्ध एखाद्या तरुणास विचारील, "तुझी आजी कुठली?" त्या वेळी तरुणाने खाली मान घालू नये. त्याने उठून आत जावे, वही उघडावी आणि आजीच्याच हाताने लिहिलेली ओळ मोठ्याने वाचून दाखवावी.

श्रींच्या कृपेने हा संकल्प सिद्धीस जावो, हीच प्रार्थना.